उंबरठ्याआतील शिष्यत्व

गोदावरीच्या तीरावर वसलेले गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव संत जनाबाईंची जन्मभूमी म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. दमा आणि करुंड या दांपत्याची ही कन्या बालपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली, नामदेवांच्या त्या भरल्या कुटुंबात दासी म्हणून वाढली, आणि दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे व शेण्या वेचणे या नित्याच्या कष्टांतच तिने आपल्या देवाला शोधले. तिच्या जात्याचा खुंटा प्रत्यक्ष विठ्ठलाने धरला, ही कथा ऐतिहासिक सत्य म्हणून कोणी स्वीकारो वा न स्वीकारो, या भूमीतील धर्मजाणिवेचे एक मर्म तिच्यात निश्चित साठलेले आहे : ईश्वराची सेवा करण्यासाठी मनुष्याने घर सोडलेच पाहिजे असे नाही, आणि जिला देवळाच्या गाभाऱ्यात स्थान नाही तिच्या ओसरीवर देव येऊन बसू शकतो. तिचे गुरू नामदेव नरसीचे, नामदेवांचे गुरू विसोबा खेचर औंढ्या नागनाथाशी निगडित. आणि ही दोन्ही स्थाने 1 मे 1999 रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच मोडत होती.

जनाबाईंनंतर सुमारे पाच शतकांनी याच मुलखाच्या सीमेवर एका निराळ्या गुरूचे शिष्यत्व सांगणारी माणसे येऊन राहिली. मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुधा मिशनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्यात शाळा असतात, छापखाने असतात, रुग्णालये असतात, आणि बाप्तिस्म्यांचे आकडे तर हटकून असतात. परंतु ज्या मराठवाड्यात ख्रिस्ती माणसांचे प्रमाण सदैव अत्यल्प राहिले, जेथे दोन मंडळ्यांमध्ये कोसच्या कोस अंतर असे आणि पाळकाची फेरी होण्यास आठवडेच्या आठवडे लागत, तेथे शिष्यत्वाची खरी शाळा घर हीच होती. त्या शाळेत शिकवला गेलेला पहिला आणि सर्वांत अवघड पाठ अन्नपाण्याचा होता, हे या निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

एकोणिसाव्या शतकातील परभणीचा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. दिवाण पहिले सालारजंग यांनी 1865 च्या सुमारास केलेल्या जिलाबंदीतून मराठवाड्याच्या जिल्ह्यांची, तालुक्यांची व तहसीलदारांच्या कचेऱ्यांची नवी घडी बसली. तथापि गावगाडा मात्र पाटील-कुळकर्णी, बलुतेदार आणि वेठबिगार यांच्या जुन्याच चाकोरीतून चालत राहिला. ब्रिटिश हिंदुस्थानात 1850 साली झालेल्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखून ठेवला होता. पण तो कायदा कंपनी सरकारच्या मुलखाचा होता, संस्थानाच्या हद्दीत त्याचा आधार आपोआप मिळत नसे. या प्रदेशात बाहेरच्या जगाचे वारे आणणारी ठाणी म्हणजे हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावण्या. त्यांपैकी एक हिंगोलीस होती आणि दुसरी जालन्यास. 1903 पर्यंत जालन्याची छावणी नांदती होती. परभणी आणि जालना यांचा संबंध निव्वळ शेजाराचा नाही. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा त्यात समाविष्ट झालेला परतूर तालुका परभणी जिल्ह्यातूनच काढलेला होता.

या जालन्यास 1860 च्या दशकात जो मराठी धर्मोपदेशक येऊन स्थिरावला, त्याच्या पूर्वायुष्यातच आपल्या विषयाची नांदी झालेली आहे. नारायण शेषाद्री परळीकर हा ब्राह्मण तरुण मुंबईस स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकत असता ख्रिस्ती धर्माकडे ओढला गेला आणि सप्टेंबर 1843 मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याच्या मागोमाग त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या घरी जाऊन राहिला. श्रीपत अल्पवयीन असल्यामुळे प्रकरण मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे गेले आणि कोर्टाने मुलाचा ताबा बापाकडे दिला. कायद्याच्या दृष्टीने वाद तेथे मिटला, पण समाजाच्या दृष्टीने तो तेथूनच पेटला. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्याने कोणता सिद्धांत स्वीकारला, कोणता नाकारला, याची फारशी चौकशीही कोणी केली नाही. मात्र तो पाद्र्याच्या घरी राहिला, तेथे जेवला, तेथले पाणी प्याला, एवढ्यावरून त्यास पुन्हा जातीत घेता येते की नाही यासंबंधी शास्त्री-पंडितांत मोठे रण माजले. त्यास प्रायश्चित्त देऊन पदरात घ्यावे या मताचा पुरस्कार करणाऱ्या 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांना सनातनी मंडळींचा रोष पत्करावा लागला.

या प्रकरणाचा सामान्यतः सामाजिक सुधारणेच्या इतिहासात उल्लेख होतो; परंतु कौटुंबिक दृष्टीने पाहिले तर त्याचा अर्थ अधिक खोल आहे. दोन भावांपैकी एक बापाच्या घरी परत गेला आणि दुसरा कायमचा बाहेर राहिला. दोघांमध्ये उभी राहिलेली भिंत तत्त्वज्ञानाची नव्हती, ती ताटाची आणि तांब्याची होती. धर्म पाकगृहात राहतो हे त्या काळच्या सनातन्यांना मिशनऱ्यांपेक्षा अधिक नेमकेपणाने कळले होते. मिशनरी व्याख्यानमंडपात वाद जिंकण्याच्या प्रयत्नात असता शास्त्रीमंडळींनी चुलीवर पहारा ठेवला, आणि आपल्या भूमिकेच्या दृष्टीने त्यांनी पहारा योग्य जागी ठेवला, असेच म्हणावे लागेल.

पुढे सुमारे वीस वर्षांनी, रीतसर दीक्षित पाळक झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री जालन्यास आले, तेव्हा त्यांच्याकडे वळलेली माणसे मुख्यतः मांग, म्हणजे आजच्या भाषेत मातंग, समाजातील होती. घरच्या ताटावरून उठविला गेलेला हा ब्राह्मण ज्यांना गावाने कधी आपल्या पंक्तीस बसूच दिले नाही अशांच्या वस्तीत जाऊन बसला, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. सालारजंगांच्या कारकिर्दीत सरकारातून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. 1873 मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस ते गेले होते, आणि मराठी पागोटे घातलेल्या या वक्त्याने पाश्चात्त्य श्रोत्यांस आपल्या कार्याची माहिती दिली; परंतु त्यांच्या कर्तृत्वाचे खरे गमक त्या परिषदेपेक्षा बेथेलमध्येच शोधले पाहिजे. एकेकट्या माणसाला धर्मात घेऊन त्यास पाद्र्याच्या आवारात ठेवण्याची जुनी पद्धत मागे पडून, येथे आईबाप, लेकरे आणि म्हातारी माणसे यांसह कुटुंबेच्या कुटुंबे वसविण्याचा प्रयत्न झाला. ज्याचा धाकटा भाऊ कोर्टाच्या हुकमाने त्याच्यापासून तोडला गेला होता, त्याने कुटुंब अखंड राखणाऱ्या वसाहतीचा ध्यास घ्यावा, यात मला तरी विसंगती दिसत नाही.

अशा घरात नव्या धर्माचे शिक्षण कसे होत असेल, याचा विचार करताना त्या समाजाचे ऐहिक जीवन डोळ्यांपुढे आणले पाहिजे. दोर वळणे, केरसुण्या बांधणे, लग्नात व जत्रेत वाजंत्री वाजवणे, ही मातंगांची परंपरागत कामे. आणि त्यांबद्दल मिळणारे बलुते हाच संसाराचा आधार. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाने देवाच्या छबिन्यापुढे वाजविण्याचे नाकारले की गावाशी खटका उडे. आदितवारी काम न करण्याचा निश्चय केला आणि पाटलाची वेठ नेमकी त्याच दिवशी आली, की धर्मनिष्ठेची परीक्षा पहाटेच होऊन जाई. सुगीच्या वेळी खळ्यावरून रिकाम्या हाताने परतण्याची पाळी आली, तर त्या रात्री चूल कशी पेटवावी हा प्रश्न पुरुषाच्या श्रद्धेइतकाच त्याच्या बायकोच्या श्रद्धेसही पडत असे, किंबहुना तिलाच तो अधिक पडत असे. वधस्तंभ उचलून मागे येण्याविषयीचे ख्रिस्ताचे बोल या माणसांना कोणी भाष्य करून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

अक्षरज्ञानाची उणीव हे दुसरे वास्तव. ज्या घरी बाप निरक्षर आणि मुलगा किंवा मुलगी मिशनच्या शाळेत, त्या घरी सायंकाळच्या उपासनेत पुस्तक साहजिकच लेकराच्या हाती येई. वडील मंडळींनी बसून ऐकावे आणि आठ-दहा वर्षांच्या मुलीने दिव्याच्या उजेडात शास्त्रपाठ वाचावा, ही घटना आज साधी वाटेल. परंतु वय, लिंग आणि जात या तिन्ही अधिकारांची उतरंड जिच्यात क्षणभर उलटते अशी ती घटना होती. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत 1824 साली मुलींची शाळा काढली आणि पुढे अहमदनगरास कुमारी सिंथिया फरार यांनी स्त्रीशिक्षणाचे काम अनेक वर्षे चालविले, त्याचे दूरगामी फळ असे घरोघरच्या वाचनात पाहावयास मिळते.

वाचावयाचा ग्रंथही हळूहळू घराच्या बोलीजवळ येत गेला. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी 1811 मध्ये मराठी नवा करार छापला. मुंबईत 1847 साली संपूर्ण बायबल मराठीत सिद्ध झाले. आणि पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून स्वतः केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये, प्रसिद्ध झाले. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांना, ज्यांच्यात दुष्काळातून वाचलेल्या कितीतरी खेडवळ मुली होत्या, कळेल अशी मराठी लिहावी, ही रमाबाईंची त्यामागील दृष्टी होती, आणि त्या ग्रंथाच्या छपाईचे कामही सदनातील मुलींच्याच हातून झाले. त्या ग्रंथातील येशूच्या दृष्टांतांकडे मराठवाड्यातील स्त्रीच्या नजरेने पाहावे : पिठात मुरणारे खमीर, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, दिवठणीवरचा दिवा, मीठ, आणि एका जात्यावर दळत बसलेल्या दोघी. युरोपातील वाचकास या गोष्टींसाठी टीपा द्याव्या लागत असतील. गंगाखेडच्या परिसरातील स्त्रीला त्या पहाटेच्या अनुभवातूनच ज्ञात होत्या. जनाबाईंच्या अभंगांनी ज्यांचे कान तयार झाले होते, त्यांना घरकामात ईश्वर भेटतो ही कल्पना परकी वाटण्याचे काहीच कारण नव्हते.

मराठी वाङ्मयानेही हे घर लवकरच हेरले. बाबा पदमनजींनी 1857 साली लिहिलेल्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीतील यमुना आणि तिचा पती विनायक हे मनाने ख्रिस्ताकडे वळलेले जोडपे आहे. त्यांचे वाचन, प्रार्थना आणि विचारविनिमय हे सारे पतिपत्नींच्या खाजगी जीवनात चालते. पदमनजींचा प्रकट हेतू विधवांच्या स्थितीचे निरूपण हा होता, आणि तो त्यांनी साधलाही. परंतु नवराबायकोने एकत्र बसून एखाद्या धर्मविचाराची चर्चा करावी, बायकोने शंका काढावी आणि नवऱ्याने ती मानावी, हे चित्र त्या काळच्या मराठी वाचकास बहुधा मूर्तिभंजनापेक्षाही नवे वाटले असेल.

कादंबरीतील हे चित्र प्रत्यक्षात किती दुःखाने उतरते याची साक्ष टिळक कुटुंबाने दिली. नारायण वामन टिळकांना 1893 साली राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना या निर्णयात भाग नव्हता. त्या आपल्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातलगांबरोबर पंढरपुरास राहिल्या. ज्या पंढरीने गंगाखेडच्या पोरीला देवाचे माहेर दिले, तीच पंढरी लक्ष्मीबाईंच्या वियोगाची जागा ठरली. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या त्याही आपला सोवळा स्वयंपाक आणि आपले वेगळे पाणी राखूनच. एका छपराखाली दोन चुली आणि दोन धर्म, असा तो संसार काही काळ चालला.

लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथेचे भाग 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झाले, आणि मराठी गद्यात त्यांनी आपले अढळ स्थान मिळविले. या ग्रंथातील धर्मांतराची हकीगत वाचताना एक गोष्ट ध्यानात येते : टिळकांचे परिवर्तन ग्रंथातून झाले, लक्ष्मीबाईंचे स्वयंपाकघरातून. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना पुस्तकाने घातला नाही. तो त्यांना रोजच्या विटाळाने, शेजारणींच्या वागणुकीने आणि आजूबाजूच्या गरीब लेकरांनी घातला. उत्तर सापडल्यावर त्यांनी ते प्रथम पाण्याच्या पेल्याने दिले. कोणाच्याही हातचे पाणी पिण्याची त्यांची तयारी झाली, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली, आला. विधी मागून आला आणि आचरण आधी घडले, हा क्रम शिष्यत्वाच्या कोणत्याही प्रश्नोत्तरावलीत सापडणार नाही; पण श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणात ज्या तांब्यापाशी दोन भाऊ वेगळे झाले, त्याच तांब्यापाशी एक दांपत्य पुन्हा एक झाले, असा त्याचा ऐतिहासिक अर्थ आहे.

याच घराने दुसरा एक पाठ शिकविला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, अहमदनगरास टिळकांकडे येऊन राहिले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलाप्रमाणे वागविले. ठोंबऱ्यांनी धर्म बदलला नाही; आपल्या घरी जेवणाऱ्याने आपल्या मतास यावेच, अशी अट त्या घराने घातली नाही. धर्मप्रसारासाठी ज्यांची नेमणूक झाली होती अशा माणसाच्या संसारात हे औदार्य नांदावे, हे विशेष म्हटले पाहिजे.

तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणाऱ्या टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन हे मराठी भक्तीचे संचित ख्रिस्ती उपासनेत आणले. त्यांच्याही आधी अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला होता. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातील टिळकांची गीते आजही मराठी मंडळ्यांत गाइली जातात. टाळ आणि पेटी एवढ्या सामग्रीवर, पाळकावाचून, एखादे कुटुंब ती ओसरीवर गाऊ शकते, यातच त्यांच्या दीर्घायुष्याचे रहस्य आहे. आयुष्याच्या अखेरीस, 1917 साली, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना तेथे बंधुत्वाने एकत्र आणावे, ही त्यांची भव्य कल्पना. 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर तो दरबार फार काळ टिकला नाही. संन्याशाने उभारलेली संस्था त्याच्याबरोबर ओसरली. संसारी स्त्रीने चालविलेले घर मात्र पुढील पिढ्यांत चालत राहिले, आणि टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही पुढे तिनेच नेटाने पुरे केले.

परभणीच्या परिसरात पुढील काळाने या घरांना आणखी पांगविले. 1899-1900 च्या भीषण दुष्काळाने मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त केली. त्याच सुमारास मनमाडपासून हैदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली, आणि जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके एका सूत्रात ओवली गेली. आगगाडीची, शाळेची आणि दवाखान्याची नोकरी हा सुशिक्षित ख्रिस्ती माणसाचा त्या काळचा मुख्य आधार. त्यामुळे एखादे कुटुंब अशा ठिकाणी बदलून जाई, जेथे त्याच्या पंथाचे दुसरे घर नसे. अनाथालये आणि बोर्डिंगे यांनी हजारो जीव वाचविले, हे निर्विवाद. परंतु त्यांनी मुलांना आईबापांच्या संस्कारापासून दूरही नेले, आणि घरात सहज मिळणारे धर्मशिक्षण घंटेच्या ठोक्यावर मिळू लागले. निजामी राजवट 1948 मध्ये संपली, मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1970 साली नागपुरास उत्तर भारत मंडळीची स्थापना होऊन निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. 1977 मध्ये कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत निर्माण झाला. या साऱ्या घडामोडींत ज्या संस्थेची घटना कोणी लिहिली नाही आणि जिची नोंद कोणत्याही दफ्तरात झाली नाही, ती रात्रीच्या जेवणाआधीची घरची प्रार्थना होय. दिवसभर कोणाशी खोटे बोललो, कोणाला टाकून बोललो, कोणाचे देणे राहिले, याची उजळणी आईच्या देखत होत असल्यामुळे तिच्यात ढोंगास फारसा वाव राहत नसे. व्यासपीठावरील प्रवचनकाराला ही सोय, किंवा ही अडचण, क्वचितच लाभते.

परंतु इतिहासकाराने या घराची आरती ओवाळून थांबणे योग्य नाही. जे घर पाण्याच्या पेल्याशी जिंकले, तेच घर सोयरिकीच्या बैठकीत अनेकदा हरले. एका ओळीत बसून प्रभुभोजन घेणारी कुटुंबे मुलामुलींचे विवाह जुळविताना पूर्वाश्रमीची जात विचारीत, आणि आजही विचारणारी आहेत. ब्राह्मण ख्रिस्ती, महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती हे शब्दप्रयोग मराठी ख्रिस्ती समाजात उगाच रूढ झालेले नाहीत. नारायण शेषाद्रींनी ज्या वस्तीत जाऊन घर केले आणि लक्ष्मीबाईंनी ज्या हातचे पाणी घेतले, त्या वस्तीशी आणि त्या हाताशी नाते जोडण्याचा अवघड पाठ पुष्कळांनी अद्याप उघडलेलाच नाही. तो पाठ व्यासपीठावरून शिकविण्याचे प्रयत्न शंभर वर्षे झाले आणि फळ थोडे आले, यात नवल नाही. कारण सोयरिकीचा निर्णय घरात होतो, आणि मुलीसाठी आलेल्या स्थळाची जात विचारावयाची की नाही हे शेवटी त्या घरच्या आईबापांनीच ठरवावयाचे आहे.